कब्रस्तानातली वेडी बाभूळ

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मित्रमैत्रिणींनो, या शिबिरात शिक्षण, रोजगार, कायदा अशा मोठ्या विषयांवर तुम्ही ऐकलंत. माझा विषय काट्यांचा आहे. गेली तीन वर्षं आम्ही काही जण गावच्या कब्रस्तानातली काटेरी काढतो आहोत, त्याबद्दल मी बोलणार आहे.

आमचं तालुक्याचं गाव. कब्रस्तानाची जमीन पाच एकरांच्या आसपास. फाटकातून पन्नास पावलं आत गेलं की वेडी बाभूळ सुरू व्हायची आणि तिच्या बुडाशी घाणेरी. आत कुत्रंही शिरणार नाही अशी दाटी. निम्म्याहून जास्त जमीन कित्येक वर्षं कुणी पाहिलेलीच नव्हती. त्यामुळे सगळे दफन पुढच्या तुकड्यात व्हायचे. खोदताना जुनी कबर लागायची, हाडं निघायची, लोक गप्प राहून माती परत लोटायचे. 2020 आणि 2021 मध्ये, कोविडच्या काळात, हा ताण सगळ्यांनाच दिसला. गावातून दर निवडणुकीला मागणी व्हायची की कब्रस्तानाला जागा कमी पडते, नवी जागा द्या. काही गावांत खरोखरच जागा नाही, तिथे ही मागणी केलीच पाहिजे. आमच्याकडे मात्र सातबाऱ्यावर जागा होती. ती काट्याखाली होती.

आधी हे झाड ओळखा. वेडी बाभूळ इथली नाही. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. 1877 च्या सुमारास तिचं बी भारतात आणलं गेलं. कमी पाण्यात वाढते, सरपण देते, म्हणून पुढे सरकारी पातळीवर ती मुद्दाम लावली गेली. कच्छमधल्या बन्नीच्या कुरणात 1960 च्या दशकात वनखात्याने ती लावली, आणि तिथल्या गुराख्यांचं, ज्यांत बहुसंख्य मुसलमान आहेत, गवताळ रान तिने गिळलं. शेळ्या-गुरं तिच्या गोड शेंगा खातात, आणि शेणा-लेंड्यांतून पडलेलं बी जोमाने रुजतं. आपली देशी बाभूळ वेगळी आहे. तिला पिवळ्या गोंड्यांसारखी फुलं येतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी असते. वेडीचं फूल लांब तुऱ्यासारखं आणि शेंग सलग असते. देशी बाभूळ, कडुलिंब, बोर ही झाडं आम्ही राखली. काय ठेवायचं हे आधी ठरलं नाही, तर हातात कोयता असलेला माणूस सगळंच कापत सुटतो.

पहिला विरोध घरातूनच आला. वडीलधारे म्हणाले, "कबरस्तान का हरा झाड काटते क्या बाबा?" कबरीवरचं हिरवं तोडू नये, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि तिला दीनचा आधार आहे. तिची चेष्टा करून काम पुढे गेलं नसतं. आम्ही मौलाना साहेबांसोबत बसलो, वडीलधाऱ्यांनाही बसवलं. शेवटी ठरलं ते असं: कबरीवरचा सब्जा आणि गवत याला हात लावायचा नाही, वाट अडवणारं काटेरी काढायचं. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही ईमानचाच भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ही गोष्ट चाचा लोकांनीच आम्हाला आठवण करून दिली. त्यानंतर त्यांतले दोघे दर वेळी खुर्ची टाकून बसू लागले.

दुसरा प्रश्न जेसीबीचा. "दोन दिवसांत मैदान करून देतो," असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण झुडपाखाली कबरी होत्या. काही पक्क्या, बऱ्याचशा नुसत्या मातीच्या, उशाला एक दगड. जेसीबीच्या बकेटला कबर आणि ढेकूळ सारखंच. तिथे झोपलेल्यांचे वारस गावातच राहतात. म्हणून जिथे कबरी नाहीत हे जुन्या माणसांनी खात्रीने सांगितलं, तेवढ्या कडेच्या पट्ट्यात यंत्र चालवलं. बाकी सगळं हाताने.

आता पद्धत. वेडी बाभूळ जमिनीलगत कापली तर ती मरत नाही. आमच्या आधी एका ठेकेदाराने तशी कापली होती, आणि पावसाळ्यात एकेका बुंध्याला दहा-दहा फांद्या फुटल्या. तिचे डोळे जमिनीखाली थोड्या खोलीपर्यंत असतात. म्हणून बुंध्याभोवती कुदळीने वीतभर, शक्य तर फूटभर, माती काढायची आणि तिथे मूळ तोडायचं. एका जाड बुंध्याला दोघांची सकाळ जाते. बुंधा कबरीला खेटून असेल तर तिथे खोदायचं नाही. वर कापायचं आणि फुटवा आला की दर वेळी खुडत राहायचं. घाणेरी पावसाळ्यात काढावी, कारण तेव्हा माती मऊ असते. मुख्य मूळ मातीच्या जरा खाली तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळं परत माती धरत नाहीत. पेटवून द्यायचा मोह होतो, पण जळालेली घाणेरी बुडातून पुन्हा फुटते. शेंगा आणि फळं पिकायच्या आत काम उरकलं तर पुढच्या वर्षीचं बी कमी होतं.

जाड तळाचे बूट, चामड्याचे हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन याशिवाय कुणालाही आत सोडू नका. हा काटा चपलेतून आरपार जातो आणि जखम चिघळते. दाटीत साप-विंचू असतात, म्हणून आधी काठी आपटायची, मग हात घालायचा.

लाकडाचा हिशेब हा काट्यांपेक्षा नाजूक मामला. वेडी बाभळीचा कोळसा चांगला होतो, म्हणून गिऱ्हाईक लगेच येतं. ही जमीन वक्फची आहे, तेव्हा लाकडाचा पैसाही कब्रस्तानाचाच. किती लाकूड गेलं, किती पैसे आले, कशावर खर्च झाले, हे आम्ही फाटकावरच्या फळ्यावर लिहितो. शेजारच्या वस्तीतल्या बायका आधीपासून इथून सरपण नेत होत्या. त्यांना विचारून बारीक लाकूड त्यांच्यासाठी ठेवलं. नगरपालिकेच्या हद्दीत झाडं तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तो अर्ज पहिल्या कुऱ्हाडीच्या आधी द्या, पोचपावती जपून ठेवा.

जसजशी जमीन उघडी झाली, तसतशा कबरी दिसू लागल्या. आमच्यातल्या मुलींनी एक नोंदवही केली. दगडावर नाव असेल तर नाव, नसेल तर कुठल्या झाडापासून किती पावलं. मग मोहल्ल्यात विचारत फिरल्या. एका खालाने आपल्या वालिदांची कबर कडुलिंबाच्या खुणेवरून सांगितली. दगड तिथेच होता. त्या दिवसापासून काम मागायला लोक आपणहून येऊ लागले.

हद्दीचंही तसंच. काटेरीतून मोजणी करता येत नाही, आणि मोजणी नसेल तर कुंपण कुणाचं कुठे सरकलं हे कळत नाही. एक कड मोकळी झाल्यावर भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मोजणी करून घेतली. एका बाजूला कुंपण काही फूट आत आलेलं निघालं. नकाशा हातात होता, म्हणून विषय चहावर मिटला. तोच विषय आणखी वीस वर्षांनी निघाला असता तर कोर्टात गेला असता, आणि कदाचित दोन समाजांत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या रविवारी आमच्याकडे साठ जण होते, फोटो झाले. चौथ्या रविवारी नऊ. काम त्या नऊ जणांनी केलं. मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. प्रत्येक पावसानंतर बोटाएवढी रोपं उगवतात. ती तेव्हा हाताने उपटली जातात, दोन वर्षांनी कुऱ्हाड लागते. म्हणून पाच एकर एकदम हातात घेऊ नका. जेवढा तुकडा तीन पावसाळे सांभाळता येईल तेवढाच घ्या, आणि तो नीट झाल्यावर पुढचा. फाटक लावा, शेळ्या आत येऊ देऊ नका, मोकळ्या जागेत गवत येऊ द्या.

तुम्ही उद्या घरी जाल. आपल्या गावच्या कब्रस्तानाचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. कागदावर किती जमीन आहे आणि पायाखाली किती आहे, हे चालत जाऊन पाहा. जमातीतल्या मोठ्यांना सोबत घ्या. दहा जण मिळाले तर उत्तम, चार मिळाले तरी सुरुवात होते. पाऊस पडून माती मऊ झाली की कुदळ घेऊन या. आमच्याकडे दोन जादा आहेत, लागल्या तर सांगा.