ओळखीपुरते जीवशास्त्र, ओळखीपुरता व्यवसाय
(दिल्लीतील विद्यार्थी व शिक्षकांपुढील व्याख्यान)



जुलै २०१३ मध्ये दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला आणि जून २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशानुसार तो मागे घेतला. डिसेंबर २०१२ मध्ये विद्वत्सभेची मंजुरी आणि पुढच्या जुलैत प्रत्यक्ष वर्ग, अशा घाईने ही योजना विद्यार्थ्यांवर लादली गेली. शिक्षक संघटनेने तिला विरोध केला, डाव्या विद्यार्थी संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि एकच तुकडी प्रवेश घेऊन पुन्हा तीन वर्षांच्या चौकटीत परत आली. वृत्तपत्रांनी या साऱ्याला कुलगुरू आणि मंत्रालय यांच्यातील झगड्याचे रूप दिले. परंतु खरा प्रश्न निराळाच होता. श्रमिकांच्या घरातून प्रथमच महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींना विज्ञान कोणते शिकवावयाचे आणि व्यवहार कोणता शिकवावयाचा, हा तो प्रश्न होय, आणि तो अद्याप सुटलेला नाही.

त्या योजनेत अकरा पायाभूत अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचे होते. त्यांत ‘विज्ञान आणि जीवन’ हा एक आणि ‘व्यवसाय, उद्योजकता आणि व्यवस्थापन’ हा दुसरा. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आणि हिंदी साहित्याचा विद्यार्थी यांनी एकाच बाकावर बसून विज्ञानाची तोंडओळख करून घ्यावयाची. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने व्यवसाय म्हणजे काय हे पुन्हा मुळापासून ऐकावयाचे. शिक्षकांचा आक्षेप असा की ही पातळी शाळेची आहे. आक्षेप खरा होता, पण अपुरा होता. कारण शाळेच्या पातळीचे विज्ञान तरी दिल्लीतील प्रत्येक मुलाला शाळेत मिळते काय? दिल्लीच्या अनेक सरकारी शाळांत अकरावी-बारावीला विज्ञान शाखाच नसते. दहावीनंतर जीवशास्त्राचे पुस्तक मिटले की ते कायमचे मिटते. अशा मुलीला महाविद्यालयात विज्ञानाचा प्राथमिक अभ्यासक्रम मिळावा, ही कल्पना मुळात वाईट नव्हती. वाईट होते ते तिच्याभोवती रचलेले गणित.

ते गणित असे. दोन वर्षांनी शिक्षण सोडणाऱ्यास पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. पायाभूत अभ्यासक्रमांचे ओझे मुख्यतः आरंभीच्या वर्षांवर. म्हणजे घरच्या ओढगस्तीमुळे जो दोन वर्षांत बाहेर पडेल, त्याच्या झोळीत अनेक विषयांची ओळख पडणार आणि एकाही विषयाचे ज्ञान पडणार नाही. या दोन वर्षांच्या पदविकेला आरंभी जे इंग्रजी नाव योजले होते, ते अमेरिकेच्या सामुदायिक महाविद्यालयांतील दोन वर्षांच्या पदवीची आठवण करून देणारे होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. पुढे १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने या महाविद्यालयांचा विस्तार करण्याची शिफारस केली. परिचारिका होऊ पाहणारी मुलगी तेथे प्राथमिक जीवशास्त्र घेते, दुकानात काम करणारा तरुण हिशेब आणि व्यवसाय शिकतो, आणि दोन वर्षे पुरी झाल्यावर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याची वाट निदान कागदावर तरी खुली असते. तरीही या व्यवस्थेची कठोर चिकित्सा तेथेच झाली. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्येच दाखवून दिले की गरीब विद्यार्थ्याच्या आकांक्षा त्याला न दुखवता हळूहळू थंड करणे, हेही या महाविद्यालयांचे एक कार्य होऊन बसले आहे. त्याला ‘नाही’ असे कोणी म्हणत नाही. फक्त त्याला जमेल असा सोपा रस्ता दाखविला जातो.

भारत सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये नवी दिल्लीत सामुदायिक महाविद्यालयांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरविली आणि त्यानंतर अनुदान आयोगाची योजना आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका हे ‘बाहेर पडण्याचे मार्ग’ देशभरच्या पदवी शिक्षणात आणले, आणि २०२२ पासून दिल्ली विद्यापीठात ते लागूही झाले. २०१४ मध्ये मागच्या दाराने गेलेली वस्तू आठ वर्षांनी पुढच्या दाराने परत आली. आता सक्तीच्या अकरा अभ्यासक्रमांऐवजी निवडीची यादी आहे: ‘आर्थिक साक्षरता’, ‘विज्ञान आणि समाज’, ‘वैदिक गणित’, ‘फिट इंडिया’ आणि आणखी बरेच काही. या यादीवर हसण्याचा मोह होतो. पण त्यातील पहिली दोन नावे गंभीरपणे घेतली तर काय शिकविता येईल, याचा विचार करणे अधिक उपयोगाचे आहे.

जीवशास्त्रापासून सुरुवात करावी. दक्षिण दिल्लीत मेहरौली-बदरपूर रस्त्याच्या बाजूला लाल कुआँ ही वस्ती आहे. येथे दगडाच्या खाणी आणि खडी फोडण्याची यंत्रे होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या आदेशाने ती बंद होऊन हरियाणातील पाली भागाकडे हलविली गेली. यंत्रे गेली, फुफ्फुसे मागे राहिली. दगडाच्या धुळीतील सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, जे डोळ्यांना दिसतही नाहीत, ते श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या स्वतःच मरतात, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या न संपणाऱ्या झुंजीत फुफ्फुसाच्या मऊ ऊतीत तंतुमय गाठी होतात, आणि यंत्र बंद पडून वर्षे लोटली तरी रोग पुढे सरकतच राहतो. याचे नाव सिलिकोसिस. त्याची लक्षणे क्षयासारखी. शिवाय या रोग्याला क्षय होण्याचा धोकाही अधिक. कागदावर ‘क्षय’ लिहिले की तो रोग गरिबीचा ठरतो. ‘सिलिकोसिस’ लिहिले की तो धंद्याचा ठरतो, आणि १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात धंद्याच्या रोगांमध्ये त्याची गणना होती. एका शब्दाच्या फरकाने मालकावर जबाबदारी येते किंवा टळते. पेशी, ऊती, प्रतिकारशक्ती हे प्राथमिक जीवशास्त्राचे धडे आहेत. खाणकामगाराच्या मुलीने ते शिकले तर बापाच्या क्ष-किरण चित्राकडे ती निराळ्या नजरेने पाहील.

तीच गोष्ट डेंग्यूची. १९९६ च्या साथीत दिल्लीत दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. हा डास स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. ज्या वस्तीत नळाला पाणी दिवसाकाठी तासभर येते, तेथे पिंप भरून ठेवावेच लागते. डासाचे जीवनचक्र शिकविताना पाणीवाटपाचा नकाशा शेजारी ठेवला नाही, तर ‘पाणी साचू देऊ नका’ हा उपदेश रोगाचा दोष रोग्याच्या माथी मारतो.

प्रयोगशाळेवाचून जीवशास्त्र शिकविता येत नाही, अशी सबब नेहमी पुढे केली जाते. जे. बी. एस. हाल्डेन यांचे उदाहरण या संदर्भात आठवावे. जनुकशास्त्रात जागतिक कीर्ती मिळविलेल्या या शास्त्रज्ञाने ब्रिटिश कम्युनिस्टांच्या ‘डेली वर्कर’ या पत्रात कामगारांसाठी विज्ञानावर शेकडो लेख लिहिले. १९५७ मध्ये ते भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. महागड्या उपकरणांची वाट न पाहता डोळे आणि मोजणी यांच्या बळावर या देशात उत्तम संशोधन होऊ शकते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या सहवासात टी. ए. डेव्हिस यांनी नारळाच्या झाडांची पाने डाव्या वळणाने लागतात की उजव्या, याच्या नोंदी घेतल्या आणि त्यातून गंभीर संशोधन उभे राहिले. अर्थात याचा अर्थ गरिबांना सूक्ष्मदर्शक नको, असा कोणी काढू नये. सरकार तो अर्थ आनंदाने काढील.

आता व्यवसाय. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये शाळांत उद्योजकतेच्या मनोवृत्तीचा अभ्यासक्रम आणला आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना धंद्यासाठी प्रत्येकी दोन हजार रुपयांचे बीजभांडवल देण्याची योजना आखली. ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा’ हा तिचा सूर. मुलांनी त्यात कल्पकता दाखविली असेल, तिचे कौतुक करावे. पण दोन हजार रुपयांत नोकरी देणारा कसा घडतो, हे कोणत्याही वाणिज्यशास्त्राला सांगता येणार नाही.

गुरुग्राम आणि नोएडाच्या रस्त्यांवर पाठीवर पेटी घेऊन मोटारसायकलीवरून जेवण पोहोचविणाऱ्या तरुणांना कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला १९३२ चा भागीदारी कायदा शिकावा लागतो. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार हा भागीदारीचा गाभा आहे. पेटीवाल्याला नफ्याचा वाटा नाही, हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार नाही. पेट्रोलचा खर्च मात्र त्याचा. व्यवसायाचा पहिला धडा नीट शिकविला, तर तो ‘भागीदार’ या शब्दापाशीच थांबून प्रश्न विचारील.

ताळेबंद वाचता येणे ही कामगार चळवळीची जुनी गरज आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बोनसच्या वादातून १९५० मध्ये अपील न्यायाधिकरणाने जे सूत्र घालून दिले, त्यात घसारा, यंत्रांचे पुनर्वसन आणि भांडवलावरील परतावा या रकमा आधी वजा होत आणि मग उरलेल्या नफ्यावर कामगाराचा हक्क सुरू होई. तेव्हा घसारा फुगविला आहे की काय, हे ज्याला कळत नव्हते त्याचा बोनस कागदावरच आटत होता. त्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी ही विद्या महाविद्यालयात नव्हे, न्यायालयाच्या तारखांवर मिळविली. अशी विद्या देणारा अभ्यासक्रम प्राथमिक असला तरी हलका म्हणता येणार नाही.

राहता राहिला प्रश्न कोणाला काय मिळते याचा. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. तीच संस्था आज मुक्त शिक्षणाची शाळा म्हणून ओळखली जाते. दिवसा काम करणाऱ्या लाखो तरुणांनी तेथून पदव्या घेतल्या. मात्र तेथे बी.ए. मिळते, बी.कॉम. मिळते, बी.एस्सी. मिळत नाही. जो नियमित महाविद्यालयात जाऊ शकत नाही त्याने वाणिज्य शिकावे, जीवशास्त्र त्याच्यासाठी नाही, अशी ही अलिखित वाटणी आहे. मुंबईत डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले, आणि त्या महाविद्यालयाच्या नावात कलेबरोबर विज्ञानही होते. गरिबाची वेळ निराळी असते, बुद्धी निराळी नसते, हे तेथे गृहीत धरले होते.

दिल्लीत महिलांसाठी विद्यापीठाचे स्वतंत्र मंडळ आहे. नियमित प्रवेश न मिळालेल्या वा घरकाम, नोकरी सांभाळणाऱ्या मुली शनिवारी नाहीतर रविवारी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत येऊन बसतात आणि बी.ए. किंवा बी.कॉम. करतात. ज्या इमारतींत त्यांचे वर्ग भरतात, त्यांतील अनेक महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक, काचेची भांडी आणि सांगाडे असलेल्या प्रयोगशाळा आहेत. या मुलींच्या वेळापत्रकात त्या प्रयोगशाळांचा एकही तास नाही.