टर्मिनलची मालकी

अनेकांच्या सामाईक संगणकावर स्वतःच्या नावाने प्रवेश करावा आणि मग ‘एसयू’ ही आज्ञा देऊन दुसऱ्या वापरकर्त्याचे रूप धारण करावे, हा युनिक्स कुळातील यंत्रांवरचा जुना परिपाठ आहे. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेतही ही आज्ञा आढळते. परंतु रूपांतर झाल्यावर पुष्कळांना एक चमत्कारिक अनुभव येतो. आज्ञा लिहिता येतात, उत्तरेही उमटतात. मात्र ‘स्क्रीन’ हा प्रोग्राम सुरू करू जावे, तर ‘तुमचे टर्मिनल उघडता येत नाही’ असे सांगून तो थांबतो. ज्या टर्मिनलवर हे वाक्य उमटले, तेच उघडत नाही म्हणजे काय?

युनिक्समध्ये जवळजवळ प्रत्येक उपकरण फाइलीच्या रूपाने नांदते. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली या कार्याचा आरंभ केला, तेव्हा टर्मिनल म्हणजे खडखडणारा टेलिटाइप होता. तो गेला, पण ‘टीटीवाय’ हे त्याचे संक्षिप्त नाव मागे राहिले. आजच्या लिनक्सवर बहुधा आभासी टर्मिनल असते व ‘पीटीएस’ या निर्देशिकेत क्रमांकाने त्याची फाइल दिसते. तिची मालकी मुळात प्रवेश करणाऱ्याकडे असते आणि परवानगीचा अंक सामान्यतः ६२० असतो. म्हणजे मालकास वाचन व लेखन, ‘टीटीवाय’ गटास निरोप पोहोचविण्यापुरते लेखन, आणि इतरांस काहीच नाही.

‘एसयू’ने माणूस बदलतो, फाइलीचा मालक बदलत नाही. नवा कारभारी गादीवर बसला, पण दप्तराची किल्ली जुन्याच्याच कमरेला राहिली, तसे हे आहे. मग आज्ञा तरी कशा चालतात? परवानगीची विचारणा फाइल उघडताना होते, नंतरच्या प्रत्येक वाचन-लेखनाला नव्हे. नव्या शेलला आधीच उघडलेले टर्मिनल वारशाने मिळते. ‘स्क्रीन’ मात्र ते नावाने पुन्हा उघडू पाहतो आणि दारातच अडतो.

‘एसयू’नेच मालकी का पालटू नये? कारण मूळ माणसाचे प्रोग्राम त्याच टर्मिनलवर जिवंत असतात, आणि मध्येच काही बिघडले तर मालकी पूर्ववत कोण करणार?

यावर एक उतावळा उपाय सर्रास सांगितला जातो: ‘सीएचमॉड’ देऊन टर्मिनल सर्वांसाठी वाचन-लेखनास खुले करावे. अडचण तत्काळ मिटते, हे खरे. पण मग त्या यंत्रावरील कोणीही ती फाइल उघडून आपण दाबलेली अक्षरे पळवू शकतो. त्यांत पासवर्डही आला. एका प्रोग्रामच्या सोयीसाठी हे मोल माझ्या मते फार आहे.

त्यापेक्षा नव्या माणसास नवे टर्मिनल द्यावे. रूपांतरानंतर ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा देऊन तिची नोंद ‘नल’ या उपकरणाकडे वळविली, की त्याच्या स्वतःच्या मालकीचे आभासी टर्मिनल तयार होते आणि त्यात ‘स्क्रीन’ निमूटपणे चालतो. लिनक्सवरील अलीकडच्या ‘एसयू’ला ‘पीटीवाय’ हा पर्यायही आहे. त्याने हे काम आरंभीच होते.

वेगळ्या टर्मिनलचा लाभ याहून मोठा आहे. सर्वाधिकारी ‘रूट’ने कमी अधिकाराच्या वापरकर्त्याचे रूप घेतले व टर्मिनल तेच राहिले, तर त्या वापरकर्त्याचा एखादा दुष्ट प्रोग्राम ‘टीआयओसीएसटीआय’ या सोयीने टर्मिनलच्या आवक-रांगेत अक्षरे ढकलू शकतो. रूट परतला, की ती अक्षरे त्याचीच आज्ञा म्हणून चालतात! ओपनबीएसडीने २०१७ साली ही सोयच काढून टाकली. लिनक्सच्या ६.२ या आवृत्तीत, २०२३ साली, ती बंद ठेवण्याची व्यवस्था आली; त्याच वर्षी ‘सुडो’ही मूळ रचनेतच स्वतंत्र टर्मिनल देऊ लागला. ज्यांची यंत्रे याहून जुनी आहेत, त्यांनी रूटच्या टर्मिनलवरून ‘एसयू’ करताना ‘पीटीवाय’ पर्याय आहे का, हे आधी पाहावे.