ब्रुजची खाडी आणि आपली खाडी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना 'परदेशी जाऊन आलेले' असं आत्ता सांगितलं गेलं. ते खरं आहे, पण कशासाठी गेलो होतो ते राहिलं. मी गेलो होतो गाळ काढायला शिकायला. माझी सगळी नोकरी बंदरात, ड्रेजिंगच्या खात्यात झाली. 'साहेब काय करतात?' असं कोणी विचारलं की आमची ही सरळ सांगायची, 'चिखल उपसतात.' बढती झाली तेव्हाही तिने उत्तर बदललं नाही.

या चिखलाची सुरुवात याच शाळेत झाली. आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी पत्र्याचा एक लांबट ट्रे आणला होता. एका टोकाला माती टाकली, तांब्याने पाणी सोडलं आणि आम्हाला भोवती उभं केलं. ट्रे तिरका होता तोवर माती वाहत गेली. सरांनी ट्रे सपाट केला आणि माती जागच्या जागी बसली. 'पाण्याचा जोर मेला की माती बसते,' सर म्हणाले. पुढे इंजिनीअरिंगच्या जाड पुस्तकांत मी जे शिकलो, ते याहून फार वेगळं नव्हतं. सर आज समोर बसले आहेत, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

गाळ उपसण्याच्या धंद्यात बेल्जियमच्या आणि हॉलंडच्या कंपन्यांचं जगभर नाव आहे. त्यामुळे खात्याने मला काही आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी अँटवर्पला पाठवलं. तिथल्या एका रविवारी मी आगगाडीने ब्रुजला गेलो. तिथले लोक आपल्या भाषेत त्याला ब्रुगं म्हणतात. साधारण दीड तासाचा प्रवास. मला चर्च आणि चित्रं बघायची हौस होती असं नाही. 'गाळाने मेलेलं बंदर' म्हणून हे नाव आमच्या धंद्यात घेतलं जातं, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मेलेलं म्हणावं असं काही दिसेना. गावातून कालवे वळणं घेत जातात, त्यांवर दगडी कमानींचे बुटके पूल, पाण्यात राजहंस. विटांची घरं, त्यांचे माथे पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळते होत गेलेले. चॉकलेटची दुकानं तर किती! बाजारचौकात घोडागाड्या उभ्या, आणि त्यावर ८३ मीटर उंचीचा घंटाघराचा मनोरा. वर जायला ३६६ पायऱ्या आहेत. जिना गोल, वर जाऊ तसा अरुंद होणारा. समोरून कोणी उतरत आलं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. शाळेत कबड्डी खेळताना दुखावलेला माझा गुडघा प्रत्येक पायरीला हजेरी लावत होता. वर पोचलो आणि तेवढ्यात घंटा वाजल्या. तिथे ४७ घंटा आहेत. इतक्या जवळून ऐकल्यावर थोडा वेळ दुसरं काही ऐकू येत नाही.

मी उत्तरेकडे तोंड केलं आणि समुद्र शोधू लागलो. लाल कौलं, त्यापलीकडे हिरवी सपाट शेतं. समुद्र तिथून बारा-पंधरा किलोमीटरवर आहे. मग इथे बंदर होतं तरी कसं?

गोष्ट अशी. ११३४ साली मोठं वादळ झालं, समुद्र आत घुसला आणि झ्विन नावाची खाडी तयार झाली. तिच्या टोकाशी दाम्मे हे बंदर वसलं आणि तिथून कालव्याने माल ब्रुजला येऊ लागला. इंग्लंडची लोकर यायची, इथे तिचं कापड विणलं जायचं. १२७७ मध्ये इटलीतल्या जिनोव्हाची जहाजं थेट समुद्रमार्गे आली. मागून व्हेनिसची येऊ लागली. आपल्या मलबारची मिरीसुद्धा व्हेनिसमार्गे तिथे पोचत होती. व्हान डेर बर्झे नावाच्या घराण्याची तिथे एक खानावळवजा सराई होती. तिच्यासमोर व्यापारी जमून सौदे करायचे. त्या घराण्याच्या नावावरून 'बोर्स' हा शब्द आला असं मानतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात हिऱ्यांचा जो भारत डायमंड बोर्स आहे, त्यातला बोर्स तो हाच.

मग खाडी भरत गेली. यात माणसाचाही हात होता. लोकांनी खाडीकाठच्या पाणथळ जमिनीला बांध घालून शेती केली. आपल्याकडे खारबंदिस्ती करतात तशीच. जमीन मिळाली, पण भरतीचं पाणी पसरायला जागा उरली नाही. आत येणारं पाणी कमी झालं, म्हणजे ओहोटीला बाहेर जाणारं पाणीही कमी, आणि गाळ धुऊन नेणारा जोर गेला. सरांचा ट्रे सपाट झाला! मोठी जहाजं दाम्मेपर्यंत येईनात, ती अलीकडे स्लाउसला थांबू लागली. पुढे तिथेही पाणी कमी झालं.

इथपर्यंतची गोष्ट मला पाठ होती आणि मी ती व्याख्यानांतून सांगतही असे. मनोऱ्यावरून उतरल्यावर मात्र समजलं की ती अर्धीच होती.

बाजारचौकातच क्रानेनबुर्ग नावाची इमारत आहे. तिथे आता कॅफे आहे. १४८८ साली ब्रुजच्या लोकांनी मॅक्सिमिलियन या आपल्या राज्यकर्त्याला तिथे कोंडून ठेवलं होतं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो त्यांच्या कैदेत होता. कारण कर आणि शहराचे हक्क. त्याच्या लांखाल्स नावाच्या अधिकाऱ्याचा तर त्यांनी शिरच्छेद केला. लांखाल्स म्हणजे लांब मानेचा. म्हणून 'लांब मानेचे पक्षी तुम्हाला कायमचे पोसावे लागतील' अशी शिक्षा मॅक्सिमिलियनने शहराला दिली आणि तेव्हापासून कालव्यात राजहंस आहेत, अशी दंतकथा तिथे सांगतात. खरी शिक्षा वेगळीच होती. सुटल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना ब्रुज सोडून अँटवर्पला जायला सांगितलं. तिथे खोल पाण्याची नदी होती. एकेक करून व्यापारी निघाले आणि बहुतेक परत आले नाहीत.

तेव्हा शहर एकट्या गाळाने बसलं नाही. पाणी कमी होत होतं, त्याच वेळी माणसंही निघून गेली. गाळ उपसता येतो हो, त्याला यंत्रं आहेत. गेलेल्या माणसांना परत आणणारा ड्रेजर कुणी अजून बांधलेला नाही.

पुढची तीन-चारशे वर्षं ब्रुज गरीब राहिलं. एकोणिसाव्या शतकात ते बेल्जियममधलं सर्वांत गरीब शहर समजलं जाई. घरोघरी बायका लेस विणून संसार चालवत. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनं राहिलं. त्याच शतकात लोक ते बघायला येऊ लागले, मग डागडुजी झाली. आज जुन्या वाटणाऱ्या काही दर्शनी भिंती त्या डागडुजीतल्याच आहेत. २००० साली युनेस्कोने जुनं शहर जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. पण शहराने नुसत्या आठवणी विकल्या नाहीत. १९०७ मध्ये त्यांनी समुद्रावर झेब्रुगे हे नवं बंदर उघडलं आणि तिथून शहरापर्यंत कालवा आणला. आणि २०२२ साली अँटवर्प आणि ब्रुज ही दोन्ही बंदरं एक झाली. ज्या अँटवर्पने व्यापार नेला, त्याच्याशी ब्रुजने पाचशे वर्षांनी भागीदारी केली. ही बातमी मी निवृत्तीनंतर घरी वाचली आणि हिला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, 'म्हणजे तुमचं मेलेलं बंदर उठलं म्हणा!'

आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मनोऱ्यावर समुद्र शोधत उभा होतो, तेव्हा मला आपली खाडी आठवली होती. आजोबांच्या वेळी गलबतं पिंपळाखालच्या धक्क्याला लागत. आपल्या लहानपणी मचवे यायचे, तेही भरती बघून. आज ओहोटीला धक्क्यापुढे चिखलच दिसतो. मी ब्रुजला जायच्या चार वर्षं आधी गावातल्या मंडळींचं मला पत्र आलं होतं: 'तुम्ही याच खात्यात आहात, खाडीचं काही करता येईल का, एकदा येऊन बघा.' मी न येताच उत्तर लिहिलं, 'तांत्रिक व आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही.' हिशेबाने ते चूक नव्हतं. पण त्यांनी 'एकदा येऊन बघा' असं लिहिलं होतं, आणि मी आलो नाही. मी अँटवर्पला गेलो, इथे नाही आलो. निघून गेलेल्या व्यापाऱ्यांवर बोलायचा मला फारसा अधिकार नाही.

मघाशी मुख्याध्यापकांनी शाळेचा पट वाचून दाखवला. आपल्या वेळी एका तुकडीत बसायचे त्याहून कमी विद्यार्थी आज सगळ्या शाळेत आहेत. आपण कारणं सांगू: रस्ता पलीकडून गेला, बोट बंद झाली, मुंबईने माणसं ओढून नेली. ती खरी आहेत. पण आपण सगळे इथून गेलेले आहोत, हेही एक कारण आहे. परत येऊन राहा, असं मी कुणाला सांगत नाही. मलाही ते जमणार नाही.

मला जमेल ते सांगतो. दर डिसेंबरात एक आठवडा मी इथे येऊन आठवी-नववीला शिकवणार आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. दाराजवळच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, बागायतदार आहेत, गाड्या दुरुस्त करणारे आहेत. ज्याला जो आठवडा जमेल, त्याने तो लिहून जावा. देणगी सांगायची असेल तर ती पावतीच्या टेबलावर सांगा, या वहीत फक्त दिवस लिहायचे आहेत.

सर, तुमचा ट्रे अजून प्रयोगशाळेच्या माळ्यावर आहे. सकाळी बघून आलो. बूड गंजलंय. नवा पत्रा मी बसवून घेतो. मातीची काळजी नाही, ती आपल्या खाडीत भरपूर आहे.