पडद्यावरची कुपी



सिनेमा पाहताना आपलं लक्ष कुठं असतं? नायकाकडे, नायिकेकडे, गाण्याकडे. नायिका आरशासमोर बसली, की तिच्या पुढ्यात चारदोन कुप्या, पावडरीची एखादी डबी, लिपस्टिक असं काहीबाही मांडलेलं असतं. तिकडे कोण बघतो? आज मी तुम्हांला नेमकं तिकडेच बघायला सांगणार आहे. त्यांतली खरी वस्तू कोणती, सोंगाची कोणती, आणि ती ओळखता आली तर आपला फायदा काय, एवढाच आजचा विषय.

पहिली गोष्ट अशी, की पडद्याला वास नसतो. मोगरा दाखवता येतो, त्याचा दरवळ दाखवता येत नाही. म्हणून सिनेमावाले एक तर कुपी दाखवतात, नाही तर अत्तराचं नाव पात्राच्या तोंडी घालतात. १९९२ साली आलेल्या 'सेंट ऑफ अ वूमन' या अमेरिकन चित्रपटात अल पचिनो यानं एका आंधळ्या लष्करी अधिकाऱ्याचं काम केलं आहे. शेवटी त्याची एका शिक्षिकेशी गाठ पडते, आणि नुसत्या वासावरून तो तिच्या अत्तराचं नाव सांगतो : फ्लर द रोकाय. बाई चकित होतात. हे नाव लेखकानं मनानं रचलेलं नाही. पॅरिसच्या 'कारों' या पेढीचं हे अत्तर खरोखरीचं, १९३० नंतरच्या दशकातलं. नाव खरं, म्हणून त्या आंधळ्याचं नाकही आपल्याला खरं वाटतं.

आता उलट उदाहरण घ्या. २००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटात तुरुंगातून पळालेला नायक केसांना 'डॅपर डॅन' नावाचं पोमेड चोपडतो. दुकानात दुसरं मिळालं तर घेत नाही, मला हेच पाहिजे म्हणून हटून बसतो! आणि गंमत अशी, की त्याच वासावर पाठलाग करणारी कुत्री त्याचा माग काढतात. ही डबी मात्र चित्रपटासाठी बनवलेली. लेबल इतकं जुन्या वळणाचं, की पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? एक खूण आकाराची. कृष्णधवल चित्रात रंग दिसत नाही, पण आकार लपत नाही. गेरलँ पेढीचं 'शालिमार' हे अत्तर १९२५ सालचं. नाव आपल्याकडच्या मोगल बागेवरून घेतलेलं, आणि कुपीचं बूच पंख्यासारखं. एकदा पाहिलं की पुन्हा चुकायचं नाही. दुसरी खूण लेबलाची. कंपनीचं नाव दिसू द्यायचं नसेल, तर नेपथ्याची माणसं कुपी पाठमोरी ठेवतात किंवा वर दुसरा कागद डकवतात. तिसरी खूण काळाची, आणि शिक्षकबंधूंनी ही जरूर ध्यानात ठेवावी. बूड फिरवून वर येणाऱ्या लिपस्टिकच्या नळीचं पेटंट अमेरिकेत १९२३ साली झालं. 'शनेल नंबर पाच' हे अत्तर १९२१ सालचं. तेव्हा गोष्ट १९१० सालातली आणि नायिकेच्या हातात अशी नळी दिसली, तर समजावं, इथं कोणाची तरी चूक झाली. इतिहासाच्या तासाला मुलांना ही चूक शोधायला सांगा. सनावळी पाठ करायचा कंटाळा करणारी पोरंसुद्धा डोळे ताणून बसतील.

पण मंडळी, खरी वस्तू पडद्यावर आली, की ती दोन कामं करते. गोष्टीला खरेपणा देते, हे एक. आणि स्वतःची विक्री करते, हे दुसरं. पुष्कळदा कंपनीनं त्यासाठी पैसे मोजलेले असतात. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पैसे घेऊन अशी वस्तू दाखवली, तर २०११ पासून पडद्यावर 'पी' हे अक्षर दाखवावं लागतं. नट्या आणि साबण यांचं नातं आपल्याकडेही जुनंच आहे. आपल्या मराठी अभिनेत्री लीला चिटणीस १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या होत्या. जाहिरात उघड असली, की ही जाहिरात आहे हे आपल्याला ठाऊक तरी असतं. गोष्टीच्या आड लपून आली, तर पत्ताच लागत नाही.

याचं दुःख एका हिंदी चित्रपटानंच दाखवून ठेवलं आहे. गुरुदत्त यांनी काढलेला १९६२ सालचा 'साहिब बीबी और गुलाम' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात मीनाकुमारीची छोटी बहू जाहिरातीवर विश्वास ठेवून 'मोहिनी सिंदूर' मागवते. तो लावला की घर विसरलेला नवरा परत येईल, ही तिची आशा. नवरा काही फिरत नाही. तिची श्रद्धा खरी होती. डबीवरचं आश्वासन तेवढं खोटं होतं.

माझी एक मावशी होती. जत्रेतल्या तंबूत तिनं सिनेमा पाहिला. नायिकेच्या हातातली चेहऱ्याला लावायच्या क्रीमची डबी तिच्या मनात भरली. पुढं बाजारात अगदी तशीच डबी दिसली, तेव्हा कोंबडीची अंडी विकून साठवलेले पैसे देऊन तिनं ती घेतली. आठ दिवसांत चेहरा लाल झाला, खाज सुटली. तालुक्याच्या डॉक्टरांनी डबी हातात घेऊन विचारलं, "बाई, हे नाव वाचलंत का?" नावात एक अक्षर वेगळं होतं. बनवणाराचा पत्ता तर नव्हताच. मावशी म्हणाली, "मी रंग बघितला, अक्षर कुठं बघितलं?"

श्रोतेहो, माझं सांगणं एवढंच. सिनेमा जरूर बघा, मजेनं बघा. पण कुपीकडे बघायची सवय लागली, की तोच डोळा बाजारात उपयोगी पडतो. डबी घेताना नाव अक्षर न् अक्षर वाचा. बनवणाराचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख आहे का, ते पाहा. स्वतःला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातीच्या हातात डबी द्या आणि तिच्याकडून वाचून घ्या. नात वाचेल, आजी शहाणी होईल, आणि दुकानदारालाही कळेल की या घरात अक्षर बघतात.