टाचेमागची शीर दुखते तेव्हा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



औताचा बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी जू उतरवतो. स्वतःची टाच दुखली तर मात्र सहा महिने पाय ओढत चालतो.

पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड शीर असते. उन्हाळाभर चालणं कमी, मग पेरणी-डवरणीला एकदम दिवसभर ढेकळांतून चालायचं. तो भार शिरेला झेपत नाही. सकाळची पहिली पावलं जड जातात, शीर जाड होते.

नुसतं पडून राहून ती बळकट होत नाही. १९९८ साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी एक व्यायाम मांडला. भिंत धरून पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा. चांगल्या पायानं वर उठा, दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच हळूहळू पायरीखाली न्या. गुडघा सरळ ठेवून १५-१५ चे तीन फेरे, वाकवून तीन. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. थोडं दुखलं तरी चालेल. दुखणं अगदी हाडाजवळ असेल तर सपाट जमिनीवरच करा.

शिरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचून घेऊ नका, शीर तुटू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या चालू असताना शीर दुखू लागली तर लगेच डॉक्टरांना सांगा. मागून कुणी काठी मारल्यासारखा फटका बसला आणि चवड्यावर उठता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बैलाला जी माया लावता, ती स्वतःच्या पायालाही लावा.