संसदेचे अध्यापक



यवतमाळात उभे राहून संसदेविषयी बोलायचे म्हणजे लोकनायक बापूजी अण्यांच्या अंगणात बोलायचे. वणीला जन्मलेल्या आणि या गावी वकिली केलेल्या बापूजींनी १९२४ पासून मध्यवर्ती कायदेमंडळ गाजवले. १९४३ साली गांधीजींच्या उपवासाच्या प्रश्नावर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील जागा त्यांनी सोडली. पुढे १९६२ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, ते नागपूरहून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. आज मी दुसऱ्या एका अपक्षाविषयी बोलणार आहे. बापूजी चळवळीतून संसदेत गेले. हे गृहस्थ संसद शिकवता शिकवता संसदेत गेले. त्यांचे नाव प्रा. पुरुषोत्तम गणेश मावळणकर.

त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. कर्मभूमी मात्र अहमदाबाद. वडील दादासाहेब मावळणकर हे लोकसभेचे पहिले सभापती. १९५२ पासून १९५६ साली निधन होईपर्यंत त्यांनी ते आसन सांभाळले. दादासाहेब स्वतः काँग्रेसचे, सरकारही काँग्रेसचे. तरी वटहुकमांनी कारभार करणे लोकशाहीच्या प्रकृतीला मानवणारे नाही, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहून कळवले होते. सरकार आपले असले तरी सभागृह सरकारचे नसते, ही शिकवण पुरुषोत्तमरावांना घरातच मिळाली.

पुरुषोत्तमरावांचा जन्म १९२८ चा. राज्यशास्त्र हा त्यांचा व्यवसाय आणि व्यासंगही. अहमदाबादेत त्यांनी एक संस्था उभारली आणि तिला लंडनच्या प्रा. हॅरॉल्ड लास्की यांचे नाव दिले. लास्की १९५० साली वारले. त्यांच्या वर्गात अनेक हिंदी विद्यार्थी शिकले होते. राज्यशास्त्र हे परीक्षेपुरते नसून नागरिकाच्या रोजच्या उपयोगाचे शास्त्र आहे, अशी लास्कींची श्रद्धा होती. परदेशी विद्वानाच्या नावाची संस्था पाहून कोणी नाक मुरडले असेल, तर त्यात नवल नाही. पण ज्ञानाला जात नसते तसा देशही नसतो.

१९७२ मध्ये इंदुलाल याज्ञिक यांच्या निधनाने अहमदाबादची जागा रिकामी झाली. त्या पोटनिवडणुकीत मावळणकर अपक्ष म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. आयुष्यभर संसदेचे नियम फळ्यावर लिहिणारा माणूस आता त्या नियमांच्या आधारे उभा राहून बोलू लागला. एरवी ही एका प्राध्यापकाच्या बढतीची गोष्ट झाली असती आणि आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. पण तीन वर्षांतच त्यांच्या विद्येची परीक्षा आली.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. जुलैमध्ये लोकसभा भरली तेव्हा विरोधी पक्षांची बाके अर्धीमुर्धी रिकामी होती, कारण त्यांवर बसणारे तुरुंगात होते. प्रश्नोत्तरांचा तास स्थगित झाला. सभागृहात कोण काय बोलले ते छापण्यावर नियंत्रण आले. फिरोज गांधींच्या खटपटीने १९५६ साली झालेला कायदा संसदेचे वृत्त छापणाऱ्या पत्रांना संरक्षण देत असे. तो डिसेंबर १९७५ मध्ये रद्द झाला, आणि तोही वटहुकमाने! ज्या गोष्टीबद्दल दादासाहेबांनी सावध केले होते, ती चिरंजीवांच्या डोळ्यांदेखत घडत होती. पुढे लोकसभेची मुदतही वाढवण्यात आली. ज्यांना मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठवले, त्यांनी स्वतःच स्वतःला अधिक काळ बहाल केला.

अशा वेळी राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने काय करावे? गप्प बसावे, तर जन्मभर शिकवले ते खोटे ठरते. बाहेर पडावे, तर सभागृहात उरते ते फक्त होकार देणारे. मावळणकर आत राहिले आणि उभे राहून नकार देत राहिले. त्यांच्या पाठीशी पक्ष नव्हता, आणि भाषण उद्याच्या पत्रात येईल अशी आशाही नव्हती. ती भाषणे पुढे १९७९ मध्ये ‘नो, सर’ या नावाने ग्रंथरूपात आली. नावातच सारे आले.

आता कोणी विचारील, एका माणसाच्या नकाराने काय झाले? आणीबाणीला मान्यता देणारा ठराव ३३६ विरुद्ध ५९ मतांनी संमत झालाच ना? झाला. एकट्याच्या बोलण्याने आकडा हलत नाही, हे मावळणकरांनाही ठाऊक असले पाहिजे; तो तर त्यांचाच विषय. पण संसद म्हणजे नुसती मोजणी नव्हे. तिथे बोललेला शब्द नोंदीत राहतो, आणि दिवस पालटले की ती नोंद साक्षीला उभी राहते. १९७७ मध्ये मतदारांनी कौल दिला. मावळणकर गांधीनगरहून पुन्हा निवडून आले. संसदेचे वृत्त छापण्याचे संरक्षण परत मिळाले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याला घटनेतच स्थान दिले. लोकसभेची मुदतही पुन्हा पाच वर्षांची झाली.

सगळेच अपक्ष झाले तर राज्य चालेल, असे मी म्हणत नाही. पक्षांवाचून संसदीय सरकार उभे राहत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. परंतु १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाची जागाच धोक्यात येते. म्हणून सभागृहातल्या नकाराचे ओझे आता बाहेरच्या नागरिकांवर अधिक आले आहे.

हे ओझे आपल्याला नवे नाही. आपल्या जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिच्या शिफारशींतूनच १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. सभागृह आपल्या दाराशी आले ते तेव्हापासून. तिथे आपला प्रतिनिधी किती वेळा उभा राहिला, त्याने काय विचारले, कशाला हात वर केला, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? निवडणुकीत कोण पडले आणि कोण आले, याची चर्चा चौकाचौकांत होते. निवडून गेल्यावर तो काय बोलला, याची चौकशी कोणी करीत नाही. मावळणकरांनी जन्मभर शिकवले ते याच चौकशीचे शास्त्र. त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य आपल्याला लाभले नाही. पण तो अभ्यास घरी बसून करता येतो, आणि त्याला फी पडत नाही.