वाइटाशी रोजची झुंज



दुष्टाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एखादा शिंगांचा सैतान उभा राहतो. तो दूरचा असल्यामुळे त्याच्याशी लढणे सोपे! अवघड लढाई असते ती घरच्या दुष्टाईशी. कारण तिला आपण रीत म्हणतो आणि तिच्यापुढे मान तुकवतो.

पंडिता रमाबाईंनी ही लढाई याच पुण्यात दिली. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले आणि पुढल्या वर्षी ते येथे आणले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून गावात वादळ उठले, पाठीराखे दुरावले. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, हा आजचा विषय नव्हे. वादळानंतर त्यांनी काय केले, ते पाहू. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, मुलींच्या हाती माग आणि छापखाना दिला.

वाइटाला चांगुलपणाने जिंकावे, असा पौलाचा रोमकरांस उपदेश आहे. रमाबाईंनी त्याचा अर्थ भाकरीत, पाण्यात आणि अक्षरओळखीत लावला.

श्रद्धा मंदिरातली असो वा चर्चमधली, तिची परीक्षा आपल्या उंबरठ्यावर होते. दारी आलेल्या निराधार बाईला आपण आत घेतो, की दार लावून प्रार्थनेला बसतो? घरी जाताना प्रत्येकाने एवढेच स्वतःला विचारावे.